शेजारच्या सीटवरचा ब्रेक

वर्तमानपत्रातली अपघाताची बातमी 'जखमींवर उपचार सुरू आहेत' या वाक्याशी संपते. जिल्हा दैनिकात उपसंपादक असताना हे वाक्य मी अनेकदा लिहिले. पुढे ते दैनिक बंद पडले आणि मी अंबाजोगाईतल्या एका हाडांच्या खासगी दवाखान्यात कामाला लागले. तिथले माझे काम त्या वाक्याच्या पुढे सुरू होत असे.

या कामाला सगळे 'फॉलोअप' म्हणतात. ऑपरेशन होऊन माणूस घरी गेला म्हणजे उपचार संपले, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात टाके काढायचे असतात, प्लास्टर बदलायचे असते, हाड जुळते आहे की नाही हे एक्स-रेत पाहायचे असते. पायावर वजन कधी टाकायचे, सांधा कधी हलवायला लागायचे, हे त्या त्या वेळी ठरते. वेळ चुकली तर चांगले झालेले ऑपरेशनही वाया जाऊ शकते. रुग्णाला ती वेळ चुकवू न देणे हे माझे काम. त्यासाठी फोन करायचा, फोनवर भागले नाही तर गावी जायचे. वीसेक वर्षे हे केले. गावोगावी लोक मला 'फॉलोअपवाल्या मॅडम' म्हणत.

आमच्याकडे अपघातातले ड्रायव्हर बरेच येत. थोड्या अनुभवानंतर त्यांच्या जखमांवरून अपघात कसा झाला असेल याचा अंदाज येतो. समोरून धडक बसली की छातीवर स्टीअरिंग आदळते, गुडघा डॅशबोर्डला लागतो. आणि ज्याने शेवटच्या क्षणापर्यंत ब्रेक दाबून धरलेला असतो, त्याचा उजवा पाय मोडतो. पाय ताठ, तळवा पेडलवर. धडकेचा सगळा जोर पेडलमधून घोट्यात शिरतो. ब्रेक न दाबणाऱ्याचा पाय एखादे वेळी वाचतो. दाबणाऱ्याच्या गाडीतले बाकीचे लोक वाचतात.

रुग्ण म्हणून ड्रायव्हर अवघड. तो दुखते असे म्हणत नाही, कारण त्याचा पाय दुखतो हे चार लोकांना कळले की त्याची गाडी कोणी सांगत नाही. फोनवर तो नेहमी 'एकदम ओके' असतो. त्यामुळे 'कसे आहात' हा प्रश्न मी लवकरच सोडून दिला. त्याऐवजी, पायऱ्या उतरताना आधी कोणता पाय टाकता, असे विचारू लागले. उत्तराला वेळ लागला की समजायचे. एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्या घराला पायरीच न्हाई. तुमी दुसरा प्रश्न इचारा."

लिंबागणेशकडचा एकजण होता. खुब्याचे हाड मोडलेले, सक्त विश्रांती सांगितलेली. फोन केला की म्हणायचा, पडूनच आहे. एकदा मागे हॉर्न ऐकू आला. विचारले, तर म्हणाला, "टीव्ही चालू हाय, मॅडम." तेवढ्यात त्याचाच आवाज, फोन जरा लांब धरून: "बीड, बीड, एक सीट! ओ काका, सरका की तिकडं!" मी सांगितले, टीव्ही बंद करून उद्या दवाखान्यात या. आला. खुबा कसाबसा जुळला होता.

सगळे असे हसण्यावारी गेले नाही. एका तरुणाने मनगटाचे प्लास्टर गावातच काढून घेतले आणि तेल लावून चोळून घेतले. मी त्याच्या घरी पोचले तोवर हाड वाकडे जुळले होते. तो आजही गाडी चालवतो. गिअर बदलताना खांदा वर उचलतो. दिसला की नमस्कार करतो. मला ते बघवत नाही.

मिलिंदची गोष्ट मात्र वेगळी. त्याने काहीही चुकवले नव्हते, तरी पाय बिघडत चालला होता.

मिलिंद सिरसाळ्याचा. स्वतःची सात सीटची गाडी, भाड्याने देणारा आणि चालवणाराही तोच. डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो, त्याखाली पंचशील ध्वजाचे स्टिकर, आत कायम स्वच्छ. लग्न, दवाखाना, देवदर्शन, परीक्षा, काहीही असो, गावातली माणसे त्याच्या गाडीने जात. परळीहून पाहुणे घेऊन येताना समोरून येणाऱ्या एका गाडीने उसाच्या ट्रॉलीला ओलांडायला बाहेर तोंड काढले. मिलिंदने ब्रेक दाबला आणि धडक बसेपर्यंत सोडला नाही. मागच्या पाहुण्यांना खरचटले. त्याच्या घोट्याजवळच्या हाडाचे तुकडे झाले. आमच्या सर्जननी पट्टी आणि स्क्रू घालून ते जुळवले. हाड भरेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, जोर द्यायचा नाही, एवढी एकच अट घातली.

पहिल्या तपासणीला तो आला तेव्हा पाय सुजून टाक्यांची ओळ ताणली गेली होती. पाय उंच ठेवा, चालू नका, असे सांगून टाके काढणे पुढे ढकलले. फोनवर त्याची बायको सुजाता सांगायची, सूज उतरली. पण दुसऱ्या तपासणीला पाय पुन्हा तसाच. तिसऱ्या वेळी एक्स-रेत एक स्क्रू किंचित मागे सरकलेला दिसला. सर्जननी फोटो उजेडात धरला आणि विचारले, "घरी चालता का?"

"न्हाई साहेब."

"खरे सांगा. जोर पडल्याशिवाय स्क्रू हलत नाही."

"बाथरूमला बी कुबड्यावर जातो, साहेब. उड्या मारत."

सर्जननी सुजाताकडे पाहिले. ती अंगणवाडीत काम करायची. बोलायला घाबरणारी नव्हती. "मी डोळ्यानं बगते, सर. पाय भुईला लागत न्हाई. पोरगी शाळंतून आली की तिला बी पायाजवळ येऊ देत न्हाई मी. आमी खोटं कावून बोलावं?"

पुढचे सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितले. आणखी एक स्क्रू सुटला तर पुन्हा ऑपरेशन. पुन्हा उघडलेला घोटा बहुधा आखडतो. आखडलेल्या घोट्याने माणूस चालू शकतो, शेतात जाऊ शकतो. पण अचानक, पूर्ण जोराने ब्रेक दाबू शकेल याची खात्री देता येत नाही. "प्रवासी गाडीचा ड्रायव्हर म्हणून त्याला मी मग परवानगी देणार नाही," ते म्हणाले. "घरी काय चालते ते पाहून या."

मी न कळवता सिरसाळ्याला गेले. मिलिंद बाजेवर, पाय दोन उशांवर. घोट्याची हाडे दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसत होती, म्हणजे सूज नव्हती. जमिनीवर कुबड्यांच्या रबराच्या खुणा आणि एकाच, डाव्या पायाचे ठसे. शेजारणीला विचारले, तीही तेच म्हणाली. सुजाता चहा ठेवत म्हणाली, "आता झाली का खात्री, मॅडम? का पोलीस बसवता दारात?"

मी म्हटले, उद्या तपासणी आहे, तुमच्याबरोबरच अंबाजोगाईला येते.

दुसऱ्या दिवशी मिलिंदचा मित्र अन्वर स्वतःची गाडी घेऊन आला. मिलिंदला पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवले. सीट पूर्ण मागे सरकवली, म्हणजे पायाला जागा व्हावी. जखमी माणसाला हीच जागा देतात, कुठल्याही गावात. मी आणि सुजाता मागे.

सिरसाळा सुटले. पहिल्या गतिरोधकाला मिलिंदचा उजवा खांदा किंचित मागे गेला. पुढे एक एसटी थांबली, खांदा पुन्हा मागे. मी पुढे वाकून खाली पाहिले. ऑपरेशन झालेला पाय समोरच्या पत्र्यावर टेकलेला होता आणि प्रत्येक अडथळ्याला तो तिथे जोर देत होता. म्हैस आडवी आली, दाबला. ट्रॅक्टर दिसला, दाबला. परळी ओलांडून गाडी घाटात शिरली, तेव्हा वळणावळणाला दाबत होता. उतरणाऱ्या ट्रकसमोर अन्वरने गाडी जरा उशिरा आवरली, तेव्हा तर मिलिंद सीटवरून अर्धा उठला.

अन्वर वैतागला. "गाडी मी चालवतोय का तू बे? दर वेळी दचकतो निस्ता. माझ्यावर भरोसा न्हाई तर एसटीनं जा."

"मी काय केलं बे? गप बसलोय की."

"मिलिंदराव," मी म्हटले, "तुमचा पाय बघा."

त्याने खाली पाहिले. पाय पत्र्याला रोवलेला होता. तो बराच वेळ बघत राहिला, जणू दुसऱ्याच कोणाचा पाय असावा. मग सुजाताकडे वळून हळूच म्हणाला, "आईशपथ, मला ठाऊकच न्हाई गं."

ज्या प्रवासाने तो पाय दाखवायला येत होता, त्याच प्रवासात तो पाय बिघडत होता. घरी सूज उतरायची, दवाखान्याच्या दारात परत यायची.

सर्जननी सगळे ऐकून घेतले आणि हसले. "बायको गाडी चालवते तेव्हा मीही दाबतो. माझ्या पायात स्क्रू नाहीत एवढेच." मग एक्स-रे पाहिला. स्क्रू होता तिथेच होता. आणखी सरकला नाही तर ऑपरेशन टळेल, असे ते म्हणाले. प्रश्न एवढाच होता की याला पुढच्या वेळी आणायचे कसे.

परत जाताना त्याला मागच्या सीटवर बसवले. तिथून तो दोन्ही सीटच्या मध्ये डोके घालून रस्ता बघू लागला आणि पाय अन्वरच्या पाठीला लावला. अन्वर म्हणाला, "आता तर माझ्या मणक्याचा ब्रेक केला यानं." डोळे मिटून बसायला सांगितले. डोळे मिटल्यावर तो इंजिनचा आवाज ऐकून दाबू लागला.

उपाय अन्वरनेच काढला. त्याच्या चुलत्याकडे एक जुनी जीप होती. मागे समोरासमोर दोन लांब बाकडी, सीटमागे भाडे घेणाऱ्या वडापवाल्यांची असतात तशी. पुढच्या तपासणीला मिलिंदला एका बाकड्यावर रस्त्याकडे पाठ होईल असा तिरका बसवला आणि पाय समोरच्या बाकड्यावर गोधडीत ठेवला. समोर दाबायला पत्रा नाही, सीट नाही, तळवा हवेत सुटा. शेजारी सुजाता, तिचा हात त्याच्या पिंढरीवर. स्नायू ताठ झाला की तिला हाताला कळायचे. ती म्हणायची, "सोडा." तो सोडायचा. घाटात ती एकसारखी "सोडा, सोडा" म्हणत होती. पुढून अन्वर ओरडला, "वहिनी, त्याला सांगताय का मला? मी क्लच सोडू का काय करू?"

त्या दिवशी दवाखान्याच्या दारात उतरलेला पाय सुजलेला नव्हता. आमच्या ड्रेसिंगच्या सिस्टरनी दोनदा दाबून पाहिला.

नंतर सगळ्या मोडक्या ड्रायव्हरना आम्ही हाच नियम लावला. पुढची सीट बंद, पाय आडवा, रस्ता दिसू द्यायचा नाही. घरच्यांना ते विचित्र वाटते. मोठ्या माणसाला मागे, पाठमोरे बसवायचे म्हणजे मान राखला नाही असे वाटते. मी समजावून सांगते. बहुतेक ऐकतात.

हाड भरले. सर्जननी आधी अर्धे, मग पूर्ण वजन टाकायची परवानगी दिली. घोटा पूर्वीइतका वाकत नव्हता, पण पुरेसा वाकत होता. कुबड्या सुटल्या. शेवटी गाडी चालवण्याचा विषय निघाला. जखमी ड्रायव्हरने पुन्हा गाडी कधी चालवावी, हे प्रत्येकाच्या पायावर आणि प्रत्येकाच्या डॉक्टरवर अवलंबून असते. आमच्या सर्जनची पद्धत साधी होती. वजनकाटा भिंतीला उभा टेकवायचा, रुग्णाला खुर्चीवर बसवून उजव्या पायाने तो एकदम दाबायला सांगायचे, मग डाव्याने. दोन्ही पायांच्या जोरात फार फरक नको. मिलिंदने काटा असा दाबला की मागची खुर्ची सरकली. सर्जन म्हणाले, गाडी बंद ठेवून सराव करा, मग मोकळ्या मैदानात, बरोबर कोणीतरी असू द्या. जमले की मला सांगा, मग प्रवासी घ्या.

मला वाटले, काम झाले.

काही दिवसांनी सुजाताचा फोन आला. "मॅडम, येऊन जाता का? ह्यांना जमंना."

सिरसाळ्याच्या बाजारतळावर बाजार नसलेल्या दिवशी गाडी उभी होती. दुरुस्त होऊन आलेली, नव्या बॉनेटचा रंग जुन्या दारांशी थोडा न जुळणारा. अन्वर शेजारी बसला, मी मागे. मिलिंदने गाडी सुरू केली, गिअर टाकला, अलगद फिरवली. सगळे व्यवस्थित. मग अन्वरने अचानक "थांब!" म्हटले.

पाय पेडलवर गेला आणि अर्ध्यात थबकला. गाडी रेंगाळत पुढे जाऊन एका बाभळीच्या अलीकडे थांबली. पुन्हा केले, पुन्हा तेच. दुखते का, विचारले. नाही म्हणाला. जोर लागत नाही का? लागतो. वजनकाट्यावर ज्या पायाने खुर्ची मागे सरकवली होती, तो खऱ्या पेडलवर अर्ध्याच्या खाली जात नव्हता.

मिलिंदने गाडी बंद केली. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. "लोकं म्हणतेत, अपघाताची गाडी हाय. म्हणू द्या. गाडी धुता येती. पण ह्यो पाय मला ऐकत न्हाई, मॅडम. असल्या पायानं मी कुणाचं लेकरूबाळं मागं बसवू? इकून टाकतो गाडी."

अन्वर म्हणाला, "माझ्या गाडीत लई ब्रेक मारत होतास की. पत्रा आत गेला माझा."

"तिथं पेडल न्हवतं बे."

ते त्याने सहज म्हटले, पण तिथेच सगळे कळले. पायाला ब्रेकची भीती नव्हती. पेडल तळव्याखाली कडक होण्याची होती, कारण शेवटच्या वेळी ते कडक झाले तेव्हा हाड मोडले होते. मी सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, हाडाचे काम माझे होते, ते झाले. आता पेडलची ओळख नव्याने करून द्या. आमच्या व्यायामाच्या मॅडमनी रीत सांगितली. पहिले काही दिवस फक्त इंजिन बंद ठेवून, अनवाणी, पेडल तळाशी टेकेपर्यंत दाबायचे आणि तिथेच धरून ठेवायचे, श्वास सोडायचा. मग चप्पल घालून. मग इंजिन सुरू, गाडी उभी. मग चालण्याच्या वेगाने. वेग वाढवायची घाई नाही.

मिलिंदने ते रोज केले. सकाळी घरासमोर गाडीत बसून तो पेडल दाबून धरायचा आणि सुजाता अंगणवाडीला जाताना खिडकीतून विचारायची, "टेकला का?" येणारे-जाणारे हसायचे. एकजण म्हणाला, गाडीचे पाय चेपतोस का रोज? मिलिंद दाबत राहिला.

मी पुन्हा बाजारतळावर गेले तेव्हा अन्वरने नियम केला होता: 'थांब' कधी म्हणणार ते सांगायचे नाही. गाडी दोन चकरा फिरली. तिसरीत तो मिलिंदशी चुलत्याकडच्या लग्नाचे बोलत होता आणि वाक्याच्या मध्येच ओरडला. मी पुढच्या सीटवर आपटले. अन्वरचे डोके काचेला लागता लागता राहिले. गाडी जागच्या जागी थांबली होती, धूळ पुढे निघून गेली.

"मरशील बे, आमाला घेऊन मरशील," अन्वर म्हणाला आणि दोघेही हसत सुटले. मिलिंदने हसता हसताही पाय पेडलवरून उचललाच नाही, बराच वेळ.

सर्जननी तपासून परवानगी दिली. तरी गिऱ्हाईक येईना. लोक नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे आणि दुसऱ्याची गाडी सांगायचे. मिलिंद रोज गाडी पुसून स्टँडवर लावायचा, दुपारी परत आणायचा.

एका सकाळी मी सिरसाळ्यात दुसऱ्या रुग्णाला भेटायला गेले होते. स्टँडशेजारच्या किराणा दुकानातल्या आजींना तपासणीसाठी अंबाजोगाईला जायचे होते. गळ्यात लिंगायतांची इष्टलिंगाची चौकोनी पेटी, हातात काठी. त्यांच्या मुलाने ठरवलेली गाडी आली नव्हती. तो फोन लावत होता. आजी कंटाळून सरळ मिलिंदच्या गाडीपाशी गेल्या.

"आई, थांब जरा," मुलगा मागून म्हणाला. "दुसरी बघू."

"ही कावून नको?"

मिलिंद खाली उतरला. त्याने स्वतःच सांगितले, लपवले नाही. "आज्जी, ते म्हणतेत ते बरोबर हाय. माझा अपघात झालता. पायात पट्टी हाय, स्क्रू हाईत. डॉक्टरनं चालवायला सांगितलंय, पण तुमाला ठाऊक असावं."

आजींनी त्याच्या पायाकडे पाहिले. मग काठी गाडीत टाकली आणि दाराला धरून वर चढू लागल्या.

"माझ्या बी दोन्ही गुडघ्यात लोखंड हाय," त्या म्हणाल्या. "चल. घाटात सावकाश."